पासपार्तूचे जोडे कुठे गेले?

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल. सांभाळून घ्या.

भाची बारावीला आहे. पहिलाच पेपर इंग्रजीचा, आठवड्यावर आलाय. कादंबरीचा भाग घेऊन बसलो. ज्यूल व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि कॉनन डॉयलची 'द साइन ऑफ फोर', दोन्हींचे उतारे आहेत. पहिलीत फॉग नावाचा इंग्रज ऐंशी दिवसांत जग फिरायची पैज लावून नोकर पासपार्तूला घेऊन निघतो; दुसरी शेरलॉक होम्सची. मला केवढा आनंद! म्हटलं, "पासपार्तूचे जोडे कुठे गेले, सांग बरं?" ती बघतच राहिली. "मावशी, असं काही येत नाही गं. कॅरेक्टर स्केच येतं, थीम येते, सेटिंग येतं." आणि क्लासची पीडीएफ पुढे केली. फॉग : पंक्च्युअल, जेंटलमन. पासपार्तू : लॉयल. आउदा : ब्यूटिफुल इंडियन प्रिन्सेस.

अहो, ती आउदा मुंबईची आहे! पारशी व्यापाऱ्याची मुलगी, मुंबईत शिकलेली. हे मुंबई-कल्याणच्या पोरांना सांगायला काय जातं?

मे महिन्यात आम्ही कल्याणहून भुसावळला, आजोळी जायचो. रात्रीची गाडी. कसाऱ्याला मागून इंजिनं लागली की बाबा मला खिडकीशी घ्यायचे. "फॉगसुद्धा रात्रीच चढला हा घाट. 20 ऑक्टोबर 1872, मुंबईहून रात्री आठची गाडी." मग जोड्यांची गोष्ट. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलच्या देवळात जोडे घालून शिरतो, पुजारी त्याला पाडून जोडे ओढून काढतात, आणि हा अनवाणी पळत स्टेशन गाठतो, गाडी सुटायला पाच मिनिटं असताना. मी दर वर्षी तितकीच घाबरायचे.

मान्य आहे, मुलांना फिजिक्स आहे, केमिस्ट्री आहे, सीईटी आहे. पीडीएफने मार्क मिळतात, हेही खरं. पण ज्या गोष्टीतली गाडी आपल्या दारावरून जाते, तिच्यातून 'लॉयल' एवढा एकच शब्द पाठ करायचा? दुसऱ्या कादंबरीचं तेच. खजिना आग्र्याचा, 1857 च्या धामधुमीत लुटलेला, त्यामागे लागलेला माणूस अंदमानातून पळालेला. पीडीएफ म्हणते, होम्स : इंटेलिजंट. संताप होतो हो! वर्गात शंभर मुलं घेऊन शिकवणाऱ्यांवर माझा राग नाही. कादंबरी न वाचता कादंबरीचे मार्क मिळतात, हे ज्यांनी चालवून घेतलंय त्यांच्यावर आहे. त्यात आपण पालकही आलो.

मग मी पीडीएफ बाजूला ठेवली. शेवटी फॉगचा एक दिवस शिल्लक राहतो कसा, विचारलं. "बिकॉज ही ट्रॅव्हल्ड ईस्टवर्ड." बरोबर, पण का? गप्प. मग पोरगी स्वतःच वहीच्या मागच्या पानावर मांडायला लागली. 360 अंश, दर अंशाला चार मिनिटं, 1440 मिनिटं. "मावशी, चोवीस तास! अख्खा दिवस!" काय चेहरा झाला होता तिचा. सायन्सची मुलगी, तिला हे आवडणार नाही होय? कोणी विचारलंच नव्हतं.

व्हर्न भारतात कधी आला नाही, त्याच्या चुका आहेतच. त्याच्या गोष्टीत अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात, म्हणून हत्ती घ्यावा लागतो. बाबा रेल्वेतले, त्यांना याचा फार राग. "1870 लाच मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेले होते, हत्ती कशाला हवा?" असं पुस्तकाशी भांडणारे बाबा मला मिळाले. भुसावळला उतरताना म्हणायचे, "आणखी पुढे गेलो असतो तर बऱ्हाणपूर. तिथे पासपार्तूने खोट्या मोत्यांच्या सपाता घेतल्या." त्या सपातांसाठी एकदा मी फलाटावर भोकाड पसरलं होतं.

आणि जोडे? ते कलकत्त्याच्या कोर्टात न्यायाधीशापुढे पुरावा म्हणून येतात. संध्याकाळी भाचीला एवढं सांगितलं, तर म्हणाली, "हे उताऱ्यात का नाही?" उतारा शेवटाकडचा आहे, बाळा. मुंबई त्याच्या कितीतरी आधी येऊन जाते.

बाबांची प्रत काढून तिच्या टेबलावर ठेवली आहे. पानं पिवळी पडलीत, बांधणी सुटलीये. तिने हात फिरवला, चार पानं चाळली आणि म्हणाली, "परीक्षा झाली की नक्की वाचते, मावशी."

परीक्षा झाली की सीईटी आहे.