‘रंग तुम्हीच भरायचे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उपग्रहाच्या रंगीत संमिश्र चित्रांत वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाचे पट्टे ओळखता येतात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “रंग तुम्हीच भरायचे आणि तुम्हालाच हवं ते दिसायचं. हे पट्टे कृष्णधवल चित्रातही दिसतात. रात्री तर सगळंच बंद. खुर्चीत बसून वादळं ओळखणाऱ्यांना कोण सांगणार?” मतभेद असू द्या, पण हे शेवटचं वाक्य कशासाठी?

रात्रीचं मान्य. ही पद्धत सूर्यप्रकाशावर चालते, वर दाट ढग असले तरी अडते.

पण ‘रंग भरायचे’? भरत कोणीच नाही. गोएस या अमेरिकी हवामान उपग्रहाच्या वेगवेगळ्या चॅनल्सचं, म्हणजे ठरावीक तरंगलांबींवरच्या प्रकाशाचं, मोजमाप लाल, हिरव्या आणि निळ्याला वाटून दिलेलं असतं, आणि ही वाटणी सगळ्यांसाठी ठरलेली आहे. १.६ मायक्रॉन तरंगलांबीला बर्फ प्रकाश शोषतो, म्हणून तिथे जमिनीवरचा बर्फ काळपट दिसतो. वाऱ्याने उचललेले कण आपटून, झिजून बारीक झालेले असतात. कण जितका बारीक, तितकं शोषण कमी. म्हणून उडता बर्फ त्याच चॅनलमध्ये उजळतो. हा फरक माझ्या मनातला नाही, कणांच्या आकाराचा आहे.

मी उमेदीची वर्षं अशाच कच्च्या आकड्यांपुढे काढली आहेत, करड्या छटांवर डोळे फोडले आहेत. म्हणून सांगतो: सूर्य कललेला असला तर कृष्णधवल चित्रात पट्टे सावल्यांमुळे दिसतात. ऊन वर आलं की पांढऱ्यावर पांढरं. संमिश्र चित्राचा लूप, म्हणजे एकामागून एक चित्रांची फिरती मालिका, लावा. खालचा लालसर बर्फ जागचा हलत नाही आणि त्यावरून फिकट, समांतर दोरे वाऱ्याच्या दिशेने सरकत जातात. हे न पाहताच तुम्ही निकाल दिलात, आणि मला तेच खटकलं.

नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटामधलं रेड नदीचं खोरं म्हणजे आटलेल्या अगासी सरोवराचा सपाट तळ. तिथे डोक्यावर निरभ्र आकाश आणि रस्त्यावर समोरची गाडी दिसेना, असं होतं. ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलाखालची दृश्यता तीन तास टिकली की अमेरिकेची हवामान सेवा त्याला ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, म्हणते. दोन निरीक्षण केंद्रांमधल्या रस्त्यावर काय चाललंय, ते केंद्रांना दिसत नाही. दर पाच मिनिटांनी येणाऱ्या चित्रात दिसतं. चित्र दृश्यतेचा आकडा देत नाही, पण पट्टा कुठे आहे आणि कुठे निघालाय ते दाखवतं. इशारा देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा १.६ चं चित्र आधी उघडा.