आवाज कमी करा हो!

बाळाचा डोळा लागला रे लागला की गाडीत कुणाला तरी कॉलेजचे दिवस आठवतात. ‘अरे, हे तर आपलं गाणं!’ की लगेच आवाज वाढलाच! नव्वदच्या दशकातली पॉप गाणी माझाही जीव की प्राण आहेत. पण मागचा स्पीकर बाळाच्या कानाशी आहे, हे दर वेळी मीच का सांगायचं? इवल्याशा कानात उंच पट्टीचे आवाज आपल्यापेक्षा जोरात आदळतात. 10 डेसिबल वाढले म्हणजे तीव्रता 10 पट! (त्यात कित्येक जुनी गाणी रीमास्टर करताना आणखी कर्कश केलेली.) वर ऐकवतात, ‘सवय लागू दे त्याला.’ कसली सवय? दचकून उठतं, मुठी आवळून, लालबुंद होऊन रडतं. आणि धावत्या गाडीत त्याला सीटमधून उचलून घेताही येत नाही!