युनिटी मेलं नाही, दाजी, हप्त्याचं राहू द्या

रविवारी दुपारी कराडहून ताईचा फोन. "अगं, ते युनिटी बंद पडलं म्हणे. पोरगं वर्षभर तेच शिकतंय ना? हे उद्या लॅपटॉपच्या हप्त्यांचं विचारायला चाललेत. क्लासची फी वेगळीच." ताई शाळेत गणित शिकवते. युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गेम इंजिन; हा शब्द तिच्या तोंडून ऐकून मी ताटावरून उठले.

मग तिने तो फॉरवर्ड पाठवला. तुमच्याही ग्रुपवर फिरत असेल. लाल अक्षरं, आगीचे इमोजी आणि पाच मुद्दे. युनिटी संपलं, आता प्रत्येक डाउनलोडमागे तुमच्याच खिशातून पैसे जाणार. अनरियल हे दुसरं इंजिन मात्र कायमचं फुकट. गोडो हे तिसरं इंजिन म्हणजे पोराटोरांचं खेळणं. अनरियलला कोडिंग लागतच नाही. आणि नोकरी फक्त अनरियलवाल्यांना, तेव्हा दमदार लॅपटॉप घ्या आणि आजच प्रवेश निश्चित करा. खाली एका क्लासचा नंबर. तो नंबर आधी वाचला असता तर वरचं वाचायचे कष्ट वाचले असते.

मी आठ वर्षं पुण्यात मोबाईल गेम बनवते, तेही युनिटीत. म्हणजे माझा पगार या 'संपलेल्या' इंजिनावर होतो, हे आधीच सांगून टाकते.

पहिला मुद्दा आधी, कारण ताई त्यालाच घाबरली. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने 'रनटाइम फी' जाहीर केली, हे खरं आहे. गेम कुणी इन्स्टॉल केला की बनवणाऱ्याने युनिटीला पैसे द्यायचे. पण कुणी? फुकटच्या पर्सनल लायसनवर असाल तर गेमची वर्षभराची कमाई २ लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल २ लाख, हे दोन्ही आकडे ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंट. २ लाख डॉलर म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. आमच्या पोराचा गेम आजवर सात जणांनी खेळलाय, त्यात आजी धरून.

तरी राग यायचा तो आलाच, आणि मलाही आला. जे गेम आधीच बाजारात होते, त्यांच्या १ जानेवारी २०२४ नंतरच्या इन्स्टॉललाही ही फी लागणार होती. घर भाड्याने दिल्यावर मालकाने येऊन सांगावं की आता दार उघडाल तितक्या वेळा पैसे, तसा प्रकार. जगभर बोंब झाली. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने तर गोडोला आणि एफएनए नावाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पाला प्रत्येकी १ लाख डॉलर देऊन टाकले. दहा दिवसांत युनिटीने अटी सैल केल्या, पर्सनलवाल्यांना फीतून पूर्ण वगळलं. ऑक्टोबरात त्यांचे सीईओ जॉन रिचिटेलो पायउतार झाले.

आणि आता फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलेला भाग. १२ सप्टेंबर २०२४ ला, बरोब्बर एका वर्षाने, युनिटीने गेमवाल्यांसाठी ही फी रद्द केली. नवे सीईओ मॅट ब्रॉमबर्ग यांचं जाहीर निवेदन त्यांच्याच साइटवर आहे. तीन मिनिटांत वाचून होतं. पर्सनल लायसन किती कमाईपर्यंत चालतं, ती मर्यादाही तेव्हाच १ लाखावरून २ लाख डॉलरवर नेली. म्हणजे ज्या बातमीवर हा सगळा फॉरवर्ड उभा आहे, ती मूळ कंपनीनेच मागे घेतलेली आहे. एवढं एक निवेदन ताईला वाचून दाखवलं आणि अर्धी भीती तिथेच गेली.

विश्वास गेला तो गेलाच, हे मात्र मान्य. जी कंपनी एकदा अशी वागली ती पुन्हा वागणार नाही, अशी हमी मी देणार नाही. मेगा क्रिट या स्टुडिओने 'स्ले द स्पायर' या गेमचा दुसरा भाग युनिटीत दोन वर्षं काम झालेलं असताना उचलून गोडोत नेला, तो काही उगाच नाही.

अनरियल फुकट? शिकायला, हो. गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी. वाजवी आहे, माझी तक्रार नाही. पण युनिटीच्या दीड कोटीनंतरच्या फीला लूट म्हणायचं आणि अनरियलच्या आठ कोटींनंतरच्या वाट्यावर गप्प बसायचं, ही कुठली रीत?

गोडोबद्दल काय बोलावं! अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं, २०१४ पासून कोड सगळ्यांना खुला, एमआयटी लायसन, म्हणजे ना फी ना रॉयल्टी, कितीही कमवा. याच 'खेळण्या'वर ब्रोटाटो आणि बकशॉट रूलेट हे गेम बनलेत. एक अडचण खरी आहे. प्लेस्टेशन, स्विचसारख्या कन्सोलचा कोड गोपनीयतेच्या करारात बांधलेला असतो, तो खुल्या इंजिनात घालता येत नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. अकरावीतल्या पोराला ही अडचण आज येणार नाही.

कोडिंग लागत नाही, हे अर्धं खरं. अनरियलच्या ब्लूप्रिंटमध्ये चौकोन जोडत सी++ न लिहिता बरंच करता येतं. पण अट, लूप, व्हेरिएबल हे डोक्यात लागतंच. चौकोनात घातलं म्हणून तर्क सोपा होत नाही. जोडणाऱ्या तारांचा असा गुंता होतो की नवरात्रातला मांडव बरा.

आता ज्याने खरंच नुकसान होणार होतं ते. नोकरी आणि लॅपटॉप.

पोराकडे ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आहे. दिवाळीत त्याच्या हट्टापायी मीच त्यावर अनरियल टाकलं. कोपऱ्यात 'शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताहेत' आणि पुढे चार आकडी संख्या. ती उतरत होती तोवर ताईने चहा केला, आम्ही प्यायलो, कपबश्या विसळल्या. पंखा मिक्सरसारखा घुमत होता. अनरियल बनवणाऱ्या एपिकच्या स्वतःच्या कागदपत्रांत ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरीची शिफारस आहे. तेव्हा अनरियल शिकायचं तर दमदार मशीन हवं, हे कबूल. पण म्हणून दाजींनी सव्वा लाखाच्या लॅपटॉपचा हप्ता चालू करायचा, मग पंचाण्णव हजारांचा क्लास? गोडोचा एडिटर दीडशे एमबीच्या आत उतरतो आणि त्याच जुन्या लॅपटॉपवर गपगुमान चालतो.

नोकरीचं म्हणाल तर मी मुलाखती घेते. मोबाईल स्टुडिओत युनिटी विचारतात, मोठ्या कन्सोल कामात अनरियल. फक्त गोडो येणाऱ्याला जागा कमी, हेही खरं. पण गेल्या महिन्यात एक मुलगा अशाच कुठल्यातरी क्लासचं प्रमाणपत्र घेऊन आला. प्रोजेक्ट उघडला तर अनरियलच्या टेम्प्लेटमधला तो राखाडी बाहुला पळतोय. म्हटलं, याची उडी जरा उंच करून दाखव. त्याने मेनू उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मला त्याची दया आली आणि फी घेणाऱ्याचा राग.

फॉरवर्डमध्ये पुण्यात बनलेल्या 'राजी' या गेमचं नाव घेतलंय. हो, नॉडिंग हेड्स या स्टुडिओने तो अनरियलमध्येच केला, २०२० मध्ये आणला, आणि सुंदर आहे. पण त्याआधी लोकांकडून पैसे जमवायची त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली होती, तरी ती माणसं वर्षानुवर्षं चिकटून राहिली. ते श्रेय इंजिनाच्या नावावर कसं टाकता? २०२४ चा बलाट्रो हा गेम घ्या. एकट्या माणसाने लव्ह नावाच्या, इथे कुणी नावही न ऐकलेल्या फ्रेमवर्कवर, लुआ भाषेत लिहिला आणि जानेवारी २०२५ पर्यंत ५० लाख प्रती खपल्या.

दाजी सोमवारी गेले नाहीत. पोराने गोडो उतरवून घेतलं. एसटीचा गेम करतोय, थांब्यावरचे प्रवासी चुकवायचे नाहीत असा. मंगळवारी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज: "मावशी, गाडी थांब्यातून आरपार जाते." सोबत फोटो. गोडोच्या यादीत थांब्याच्या नावाशेजारी इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण स्पष्ट दिसत होता. कोलिजन शेप, म्हणजे धडक ओळखणारा आकार, लावायचाच विसरला होता.