बेंचमार्कचे गुण आणि सामायिक डेस्कटॉपचा खरा वेग

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांसाठी सॉफ्टवेअरने तयार केलेले संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवून प्रत्येकाला फक्त त्याचा पडदा पाठवणारी यंत्रणा. तिच्याबद्दल एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते : ‘एका व्हर्च्युअल मशीनवर बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, चालवा, गुण चांगले आले आणि सर्व्हरच्या सीपीयूचा सरासरी वापर ६० टक्क्यांच्या आत राहिला, तर यंत्रणा वेगवान आहे. तरीही तक्रार आली, तर दोष नेटवर्कचा.’ यावर विसंबून सर्व्हरची खरेदी ठरते आणि त्रास मात्र दिवसभर त्या पडद्यासमोर बसणाऱ्यांना होतो, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद आवश्यक आहे.

पहिला मुद्दा बेंचमार्कचा. रिकाम्या सर्व्हरवर एकट्याने चालणाऱ्या मशीनला प्रोसेसरचा टर्बो (तात्पुरता वाढीव) वेग, कॅशे (प्रोसेसरजवळची जलद स्मृती) आणि स्टोरेज यांचा जवळजवळ पूर्ण लाभ मिळतो. शेजारी इतरांची सत्रे सुरू होताच तो वाटला जातो. म्हणजे मोजलेली परिस्थिती प्रत्यक्ष वापरात कधी येतच नाही.

सरासरीचा मुद्दा अधिक फसवा आहे. पाच मिनिटांपैकी दहा सेकंद सीपीयू १०० टक्के आणि उरलेला वेळ ५० टक्के व्यापलेला असेल, तर सरासरी ५२ टक्क्यांच्याही खालीच राहते; पण त्या दहा सेकंदांत टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटायला उशीर झालेला असतो, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो हाच उशीर. सकाळी सगळे एकाच सुमारास लॉगिन करतात तेव्हा असे क्षण एकामागून एक येतात. शिवाय मशीन काम करायला तयार असूनही तिला प्रोसेसरचा प्रत्यक्ष कोअर (गणना करणारा भाग) मिळालेला नाही, हा वेळ वापराच्या टक्केवारीत दिसत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या सॉफ्टवेअरमध्ये तो ‘सीपीयू रेडी’ या नावाने वेगळा नोंदवला जातो : रिअल-टाइम आलेखातील प्रत्येक नोंद २० सेकंदांची असते, त्यामुळे एका व्हीसीपीयूसाठी (मशीनला दिलेल्या आभासी सीपीयूसाठी) २,००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के वेळ निव्वळ ताटकळण्यात गेला. हा आकडा न पाहता सर्व्हरला मोकळा म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

नेटवर्कचा दोष कधीकधी खरा असतो, हे मान्य. पण तो तपासता येतो. विंडोज सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘युजर इनपुट डिले’ हा काउंटर (कामगिरीचा मोजमाप-आकडा) उपलब्ध आहे. कळ दाबल्याची किंवा माउस क्लिकची नोंद सत्राच्या रांगेत येते तेव्हापासून प्रोग्राम ती उचलेपर्यंतचा विलंब तो मोजतो, म्हणजे नेटवर्कवरचा प्रवास त्यात धरलेलाच नसतो. हा विलंब वाढत असेल आणि नेटवर्कचा राउंड-ट्रिप वेळ (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) स्थिर असेल, तर गर्दी सर्व्हरमध्येच आहे. जीपीयू (चित्रांचे काम करणारा वेगळा प्रोसेसर) नसेल तर पडद्याचे चित्र संकुचित करून पाठवण्याचे कामही सर्व्हरच्या सीपीयूवरच पडते, त्यामुळे सीपीयूची ओढाताण वापरणाऱ्याला नेटवर्कच्या संथपणासारखी भासू शकते.

योग्य चाचणीत कृत्रिम वापरकर्ते टप्प्याटप्प्याने वाढवावेत, त्यांच्याकडून फाइल उघडणे, शोधणे, टंकणे अशी नेहमीची कामे करून घ्यावीत आणि प्रत्येक कृतीच्या वेळेचा ९५ वा पर्सेंटाइल, म्हणजे ९५ टक्के वेळा कृती ज्या वेळेच्या आत पूर्ण होते ती वेळ, नोंदवावा. वापरकर्त्यांच्या ज्या संख्येनंतर हा वेळ झपाट्याने वाढू लागतो, तिच्या आतच त्या सर्व्हरवरील सत्रांची मर्यादा ठेवावी लागते.