दिवसभर मनगटपट्टा बांधून हात बरा होत नाही

“ऑफिसात मनगट दुखू लागलं म्हणजे कार्पल टनेल झाला. कारण टायपिंग. दिवसभर पट्टा बांधा, मनगट जेलच्या उशीवर टेकवून टाइप करा, कीबोर्डचे मागचे पाय उभे करा. सकाळी दहा मिनिटं मनगटाचा व्यायाम केलात तर सलग आठ तास बसलात तरी काही होणार नाही.”

हा मजकूर महिनाभरात मला चार ग्रुपांवर आला. मी मराठी टायपिंग शिकवते. क्लासमधल्या दोन मुलींनी तो वाचून पट्टे आणलेसुद्धा, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात मनगटाचं प्रत्येक दुखणं कार्पल टनेल नसतं. तळहाताच्या मुळाशी हाडांच्या आणि एका जाड अस्थिबंधाच्या मधे अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. बोटं मिटवणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस, म्हणजे हाताचा एक मज्जातंतू, त्यातून जातात. ही नस दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात. त्रास रात्री जास्त होतो, हात झटकला की जरा बरं वाटतं. करंगळी या नसेच्या वाटणीत येत नाही. तिथे मुंग्या आल्या तर बऱ्याचदा कोपरापाशी दुसरी नस दबलेली असते. अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं किंवा कोपराच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागणं, ही आणखी निराळी दुखणी.

आणि दोष टायपिंगचाच? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २००१ च्या अभ्यासात सतत कॉम्प्युटर वापरणाऱ्यांत कार्पल टनेलचं प्रमाण इतर लोकांइतकंच निघालं. २००३ च्या डॅनिश अभ्यासात कीबोर्डशी ठोस संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, संधिवात यांतही ही नस दबते. साखर तपासायची गरज असलेल्या बाईला पट्टा बांधून गप्प बसवणं मला फार घातक वाटतं.

पट्ट्याचा खरा उपयोग रात्री, झोपेत मनगट मुडपू नये म्हणून. पट्टा बांधून टाइप केलं तर हात त्याच्याशीच झगडत राहतो आणि ताण कोपर-खांद्याकडे सरकतो.

उशीवर मनगट दाबून टाइप करणं म्हणजे थेट त्या बोगद्यावर भार. टेकवायचीच तर तळहाताची टाच टेकवा, तीही बोटं थांबलेली असताना. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उभे असले की मनगट मागे वाकतं. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

सकाळच्या व्यायामाने दिवसभराची मोकळीक मिळते, हा दावा सगळ्यात चुकीचा. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये कारकुनांच्या दुखण्याची कारणं लिहिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, मनावरचा ताण. तिन्ही आजही तशीच आहेत. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की हात उचलून कागद धरणारी कॅरेज सरकवावी लागायची, पान भरलं की कागद बदलावा लागायचा. हाताला आपसूक विसावा मिळायचा. कॉम्प्युटरने तो काढून घेतला, तेव्हा तो आपणच घ्यायला हवा: अर्ध्या तासाने मिनिट-दोन मिनिटं हात मांडीवर सैल सोडा, तासाने उठा. साहेबांनी उठू दिलं पाहिजे, हेही त्या मजकुरात कुठेच नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांचा एक त्रास तर कुणी बोलतच नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ख, घ, छ, झ, थ, ध सगळी शिफ्टवर. ही व्यंजनं उजव्या हाताला, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीवर, दिवसभर. विंडोजमध्ये शिफ्ट ५ वेळा दाबली की स्टिकी कीज चालू करायचं विचारतं, ‘हो’ म्हणा. मग शिफ्ट दाबून धरावी लागत नाही, आधी शिफ्ट आणि मग अक्षर दाबलं की पुरतं.

त्या दोघींपैकी एकीला रात्री मुंग्यांनी जाग येते. तिला मी पट्ट्याचं नंतर बघू, आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं. नस फार दिवस दबून राहिली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग झिजू लागतो, आणि झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नसतं.