बाईंच्या वहीतले आमचे खाते

नाताळची कार्डे आजकाल कोणी पाठवते का, हा प्रश्न दर डिसेंबरात आमच्या नागपुरातल्या धरमपेठेतील तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर कोणीतरी विचारतो आणि ‘कोणीच नाही बाप्पा’ असे स्वतःच उत्तर देऊन दुसरी प्लेट मागवतो. मी तेवढा वेळ पोह्यांत लक्ष घालतो, कारण मी पाठवतो. हौसेने पाठवतो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. सदरमध्ये राहणाऱ्या आमच्या शाळेतील इंग्रजीच्या बाई ऐंशी उलटल्यावरही दरवर्षी नाताळाच्या आधी मला कार्ड धाडतात, आणि ज्यांच्या लाल शाईने माझी सारी शालेय कारकीर्द रंगली त्यांच्या कार्डाला उत्तर न देण्याचे धैर्य, घरात सून आली तरी, मला जमवता आलेले नाही.

धरमपेठेतून सदर काही परमुलखात नाही. स्कूटरला किक मारली की चहा निवायच्या आत माणूस पोचतो. तेव्हा कार्ड नेऊन हातात द्यावे, बाईंच्या घरचा केक खावा आणि परत यावे, असा सरळ मार्ग कोणालाही सुचेल, तसा तो मलाही सुचला होता. परंतु बाईंचे या बाबतीतील मत ठाम आहे. हातात दिली ती चिठ्ठी. कार्ड टपालानेच आले पाहिजे, त्यावर तिकीट पाहिजे आणि तिकिटावर शिक्का पाहिजे. केक खाण्यास त्यांची हरकत नाही, पण तो कार्डाच्या हिशेबात धरला जात नाही.

हिशेब हा शब्द मी सहज वापरलेला नाही. बाईंकडे कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही आहे, मूळची हजेरीपटाची असावी, कारण डाव्या बाजूला नावे आणि पुढे बारीक चौकटी आहेत. प्रत्येक वर्षाला दोन चौकटी, ‘आले’ आणि ‘गेले’. सलग दोन वर्षे ‘आले’ची चौकट कोरी राहिली की नावावर लाल रेघ. निधन झालेल्यांच्या नावापुढे काळ्या शाईचा छोटा क्रूस. एकदा वही चाळताना एका नावावर लाल रेघ आणि तिच्या शेजारी क्रूस, असे दोन्ही दिसले. मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, ‘तो आधीच गेला होता, मला उशिरा कळलं.’ क्षणभर थांबून त्यांनी पुस्ती जोडली, ‘त्याने कळवायला हवं होतं.’

कार्डे गेली आणि माणसांतला ओलावा गेला, असा एक हळवा सूर अलीकडे फार ऐकू येतो. माझे मत निराळे आहे. पहिले छापील नाताळ-कार्ड 1843 मध्ये लंडनला निघाले, ते ओलाव्यातून नव्हे तर कामाच्या कंटाळ्यातून. हेन्री कोल हे तेथील सरकारी अधिकारी. एका पेनीच्या तिकिटावर पत्र देशात कोठेही जाण्याची सोय 1840 मध्ये झाली, ती घडवून आणण्यात कोल यांचाही हात होता. मग व्हायचे तेच झाले, नाताळात त्यांच्याच टेबलावर पत्रांचा ढीग साचला. उत्तर न देणे असभ्यपणाचे आणि उत्तरे लिहीत बसणे जिवावर आलेले, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारेक प्रती छापल्या, फक्त नावापुरती जागा कोरी ठेवली आणि स्वतःला लागल्या त्याहून उरलेल्या प्रती एका शिलिंगला एक याप्रमाणे विकायलाही काढल्या. एकच चित्र सगळ्यांना ढकलून मोकळे व्हायची ही युक्ती आज सकाळी सहाला गुलाबाचे फूल पाठवणाऱ्या कोणत्याही काकांना ओळखीची वाटेल. चित्रात घरातली मंडळी, त्यात एक लहान मूलसुद्धा, वाइनचे पेले ओठांना लावताना दाखवली होती, त्यामुळे दारूबंदीवाले खवळले. म्हणजे पहिल्याच फॉरवर्डवर भांडणही झाले. त्यांपैकी एक कार्ड 2001 मध्ये इंग्लंडमधील लिलावात वीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेले, हे मी घरी बोलून गेलो, तेव्हापासून आमच्या सौभाग्यवतींनी बाईंची कार्डे रद्दीत देणे बंद केले आहे.

कार्ड पाठवण्यातला पहिला कठीण टप्पा म्हणजे कार्ड मिळवणे. बर्डीवरच्या दुकानांत एके काळी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कार्डांची गोल फिरती स्टँडे दारातच उभी असत, आणि ती फिरवताना पलीकडून फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाशी ओढाताण होत असे. आता तेथे कप, टेडी आणि फोटो छापलेल्या उशा मिळतात.

‘कार्ड? कोणाचं लग्न आहे, भाऊ?’ दुकानदाराने विचारले.

‘लग्न नाही, ख्रिसमसचं पाहिजे.’

‘अजी, ते कोण पाठवते आता? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या ना, फुकटात काम होते.’

अखेर माळ्यावरून एक खोके खाली आले. त्यात एकच नाताळ-कार्ड शिल्लक होते, आणि ते वाजणारे होते. आत बोटाच्या पेराएवढी चकती, तिला चिकटलेला बटणासारखा सेल आणि घडीत सरकणारी एक कागदी पट्टी. कार्ड उघडले की पट्टी सरते आणि नाताळची सर्वांना पाठ असलेली धून किनऱ्या आवाजात सुरू होते. मिटले की ती थांबावी अशी मूळ योजना असणार. इतकी वर्षे माळ्यावर पडून पट्टी ढिली झाली होती, त्यामुळे कार्ड मिटले तरी धून थांबेना, आणि थांबली तर जरा धक्का लागताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

हे घेऊन मी निघालो तो हिवाळी अधिवेशनाच्या ऐन दिवसांत. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवलेला, बांबूचे कठडे लागलेले, आणि घोषणा जरा ओसरल्या की माझ्या स्कूटरच्या डिक्कीतून येणारी धून सर्वांना स्वच्छ ऐकू जात होती. एका शिपायाने काठीने डिक्कीकडे खूण केली. ‘काय वाजून राहिलं बे त्यात?’ मी कार्ड काढून उघडून दाखवले. त्याने आतला सांताक्लॉज नीट न्याहाळला, शेजारच्या दोघांना बोलावून दाखवला, मोर्चातले एक गृहस्थही मान उंचावून पाहू लागले, आणि मग ‘जाऊ द्या काकाजींना’ असा हुकूम सुटला. त्या गर्दीत तेवढी एकच मागणी तत्काळ मान्य झाली असावी.

पाकिटावर पत्ता लिहिणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. नागपूरचा पत्ता हा घराचा नसून शेजाऱ्यांचा असतो. अमक्या दवाखान्यामागे, तमक्या बेकरीसमोर, जुन्या टॉकीजच्या गल्लीत, असे लिहीत गेल्यावर ध्यानात येते की दवाखाना हलला आहे, बेकरी पडली आहे आणि टॉकीज तर आपण शाळेत असतानाच ‘जुनी’ होती. अशा वेळी भरवसा उरतो तो पिन कोडाचाच. 15 ऑगस्ट 1972 पासून देशाला लागू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने आखली. गृहस्थ संस्कृतचे कवी होते, त्यामुळे अचूकपणाची त्यांना मुळातच सवय असणार. माझ्या 440010 मधून बाईंच्या 440001 मध्ये कार्ड जायचे, म्हणजे आकडे सगळे तेच, जागा तेवढी बदललेली.

टपाल कचेरीतल्या ताईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवले आणि ते गाऊ लागले. वजन वीस ग्रॅमच्या वर गेल्यामुळे जादा तिकीट लागेल, असे त्यांनी गाण्यावरून आवाज चढवून सांगितले. ‘स्पीड पोस्ट करा ना काका. रजिस्ट्री तर आता त्यातच मिळवली. कुठवर पोचलं ते मोबाइलवर दिसते.’ सूचना रास्त होती. पण स्पीड पोस्टच्या पाकिटावर बारकोड येतो, आणि बाई बारकोडाला शुभेच्छा मानत नाहीत. मी तिकिटे चिकटवली. लाल पेटीत टाकल्यावर ते आत बराच वेळ वाजत होते, आणि मी मात्र अनोळखी माणसासारखा तेथून निघालो.

इकडे 25 तारखेच्या सकाळी फोनवर चाळीसेक सांता येऊन पडले. त्यांतले एकही कोणी माझ्यासाठी म्हणून पाठवले नव्हते, ही माझी तक्रार नाही. कोलसाहेबांनीही ते केले नव्हतेच. माझी अडचण अशी की या पद्धतीत कोणाला वगळताच येत नाही, आणि वगळता येत नसल्यामुळे कोणाला रुसताही येत नाही. बाईंच्या वहीतील लाल रेघेचा धाक असतो, कारण तेथे नाव कटते. ग्रुपमध्ये एखाद्याने सांता नाही पाठवला तर ते कोणाच्या बापाच्या लक्षात येते? हा जुना धाक आता फक्त लग्नपत्रिकेत शाबूत आहे. पत्रिका मिळाली नाही, मिळाली पण घरी येऊन दिली नाही, घरी दिली पण अक्षता नव्हत्या, मोबाइलवर आली पण मागून फोन नाही, अशा चढत्या पायऱ्यांनी आमच्याकडे अजून पिढ्यान्‌पिढ्या अबोला टिकवला जातो.

कार्डावर सगळ्यांत मोठी रेघ डेन्मार्कने ओढली. क्षयरोगी मुलांच्या मदतीसाठी नाताळच्या पाकिटावर चिकटवायचे खास लेबल 1904 मध्ये जगात प्रथम काढले ते तेथील आयनार होल्बोल या पोस्टमास्तरने, आणि त्याच देशाच्या टपालसेवेने 30 डिसेंबर 2025 रोजी शेवटचे पत्र पोचवून पत्रवाटप थांबवले. ही बातमी बाईंना सांगावी म्हणून मी फोन उचलणार, तोच त्यांचा आला.

‘तुझं कार्ड 31 तारखेला मिळालं,’ त्या म्हणाल्या. ‘नाताळ झाल्यावर आलं, म्हणून पुढच्या वर्षाच्या चौकटीत जमा केलं आहे.’

पुढचा डिसेंबर मोकळा झाला, या आनंदात मी आभार मानू लागलो.

‘थांब. या वर्षाची चौकट कोरीच आहे. 5 एप्रिलला ईस्टर आहे, तोवर वाट बघते.’ मागून बारीक आवाजात काहीतरी वाजत होते. ‘आणि हे बघ, या वेळी न वाजणारं पाठव.’