ब्लेंडला दुय्यम का मानायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संग्रहातली व्हाइट हॉर्स या स्कॉच ब्लेंडची जुनी बाटली उघडली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लेंड म्हणजे स्वस्त ग्रेन व्हिस्कीत (मका, गहू अशा धान्यांच्या) नावापुरता माल्ट (फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की), तिचं एवढं कौतुक कशाला? काचेच्या बाटलीत व्हिस्की मुरत नाही, मग जुनेपणाचं अप्रूप कसलं? आणि सीलबंद दुर्मिळ बाटली उघडणं ही निव्वळ नासाडी.

पहिल्या आक्षेपाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सिंगल माल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या माल्टची, गोडी लागलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा हाच समज असतो. हा वाद जुना आहे. १९०५ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या नगर परिषदेने ग्रेन मिसळलेली व्हिस्की विकणाऱ्यांवर खटले भरले, आणि निकालही परिषदेच्या बाजूने लागला. प्रकरण पेटलं, रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसला आणि १९०९ साली त्या आयोगाने सांगितलं की ग्रेन आणि ब्लेंड या दोन्हींना व्हिस्कीच म्हणायचं. आजच्या कायद्यानेही ग्रेन व्हिस्कीला ओकच्या पिपात किमान ३ वर्षं काढावीच लागतात, माल्टला लागतात तशीच. ती हलकी असते हे खरं. पण चांगल्या ब्लेंडमध्ये हा हलकेपणा मुद्दाम योजलेला असतो. धुरकट माल्ट एकटा प्यायला तर पहिल्याच घोटाला अंगावर येतो. ग्रेनच्या मऊपणात तोच धूर हळूहळू उलगडतो.

आता व्हाइट हॉर्सचंच घ्या. ती उभी केली पीटर मॅकी यांनी, स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लॅगावुलिन या डिस्टिलरीच्या धुरकट माल्टच्या जोरावर. शेजारच्या लॅफ्रॉइग डिस्टिलरीच्या व्हिस्कीची विक्रीही मॅकींच्याच पेढीकडे होती. ती हातची गेल्यावर त्यांनी १९०८ साली लॅगावुलिनच्या आवारातच ‘माल्ट मिल’ नावाची दुसरी डिस्टिलरी बांधली. लॅफ्रॉइगसारखीच व्हिस्की काढायची, ही ईर्षा. ती काही साधली नाही, पण माल्ट मिल १९६२पर्यंत चालली आणि तिचा माल मॅकींच्या ब्लेंडमध्ये जात राहिला. सिंगल माल्ट म्हणून तो कंपनीने कधी बाजारात आणलाच नाही. म्हणजे तो चाखायचा तर त्या काळातलं ब्लेंडच उघडावं लागतं. लॅगावुलिनमध्ये जमिनीवर बार्ली पसरून माल्ट करणंही १९७४ साली थांबलं. त्याआधीच्या त्या हाताची चव मला या बाटलीत शोधायची होती.

दुसरा मुद्दा तुम्ही बरोबर मांडलात: बाटलीत व्हिस्की मुरत नाही. १२ वर्षांची व्हिस्की बाटलीत ५० वर्षं राहिली तरी ती १२ वर्षांचीच. पण म्हणूनच तर जुनी बाटली मोलाची! ज्या दिवशी भरली त्या दिवसाची व्हिस्की त्यात बरीचशी तशीच राहते. माझ्या बाटलीच्या लेबलवर २६⅔ फ्लुइड औंस आणि ७०° प्रूफ (मद्यार्काचं प्रमाण सांगायचं जुनं माप) छापलंय. आपल्याकडे ७५° प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के, त्याच हिशोबाने हे ४० टक्के. ब्रिटनमध्ये १९८०पासून औंस आणि प्रूफ जाऊन मिलिलिटर आणि टक्के आले, त्यामुळे बाटली त्याआधीची हे नक्की. झाकण आणि लेबलाच्या घडणीवरून ती साठच्या दशकाच्या अखेरची दिसते.

ओतल्यावर लगेच नाकाला लावली तेव्हा झाकणाचा धातूचा वास आला, बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा. इथे घाई केली की माणूस म्हणतो, बाटली गेली. वीसेक मिनिटं ग्लास तसाच ठेवला. तो दर्प उडाला आणि खालून मेण, वाळलेली संत्र्याची साल, मग ओलसर राख वर आली. जिभेवर ४० टक्के वाटू नये इतकी जाड, तेलकट. धूर सर्वांत शेवटी आला आणि बराच वेळ रेंगाळला. चमचाभर पाणी घातल्यावर गोडवा वाढला, पण मेणाचा भाग विरला, म्हणून पुढचा पेग तसाच घेतला. आजच्या व्हाइट हॉर्समध्येही लॅगावुलिनची सावली लागते, पण ही जाडी नाही.

राहिला नासाडीचा प्रश्न. ही बाटली मी विकायला घेतलीच नव्हती. धातूचं झाकण असलं तरी दर वर्षी थोडी थोडी उडून जातेच. माझ्या बाटलीची पातळी खांद्याच्या खाली आली होती. आणखी वीस वर्षं थांबून मिळणार काय होतं? मॅकींच्या माणसांनी ती प्यायलाच बनवली होती. सहा जणांनी मिळून चाखली, त्यातल्या दोघांनी ब्लेंड पहिल्यांदाच सोड्याशिवाय घेतलं.

तुम्हालाही तेच सुचवतो. सध्याची व्हाइट हॉर्स घ्या, सोडा बाजूला ठेवा, अरुंद तोंडाच्या ग्लासात ओतून पंधरा मिनिटं थांबा आणि शेजारी थोडी १६ वर्षांची लॅगावुलिन ठेवा. आधी ब्लेंड, मग माल्ट, मग पुन्हा ब्लेंड. धूर कुठे सापडतो ते इथेच लिहा, वाट पाहतो.